डिव्हिडंड खायचा की शेअर विकायचे?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही बचत गटांच्या समन्वयक म्हणून काम करतो, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत आहे. दर वेळी आपण कर्ज, हप्ता, विमा, शेळीपालन असे विषय घेतो. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा आपला विषय नाही. विषय शेअरचा आहे. पण गेल्या पावसाळ्यात तो आमच्या गटाच्या सतरंजीवर येऊन बसला, म्हणून बोलावं लागतंय.

आपल्या खानदेशात तर हा विषय जुनाच आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. तीच कंपनी पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी त्या काळी तिचे थोडे थोडे शेअर घेतले. कुणी विकले, कुणी ठेवले. ज्यांनी ठेवले त्यांची घरं वर आली, ही गोष्ट आपल्याकडे लहानपणापासून ऐकायला मिळते. तिच्यातून एक वाक्य घराघरांत रुजलं: शेअर विकायचा नसतो, त्याचा डिव्हिडंड खायचा असतो. हे वाक्य कितपत खरं आहे, ते आज बघू.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. वय त्रेसष्ट. त्यांना विचारूनच ही हकीकत सांगतो आहोत, नाव मात्र सांगत नाही. मावशींचे यजमान नोकरीला होते. त्यांनी एका मोठ्या कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. ते गेले आणि नऊशे शेअर मावशींच्या नावावर आले. मुलगा सुरतेला असतो, त्याचं त्याला पुरत नाही. मावशींना थोडी पेन्शन येते, आणि वर्षातून एकदा शेअरमागे ४ रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये डिव्हिडंड येतो. एवढ्यावर त्या एकट्या राहतात. महिन्याला हजार-अकराशे रुपये कमीच पडतात. मग दूध बंद होतं, गुडघ्याचं औषध एक दिवसाआड होतं.

पावसात त्यांच्या घराची मागची भिंत बसली. दुरुस्तीला २०,००० रुपये लागणार होते. मावशींनी गटाकडे कर्ज मागितलं. सचिवताईंनी विचारलं, "मावशी, हप्ता कशातून भराल?" मावशी म्हणाल्या, "डिव्हिडंड येतो ना."

त्या दिवशी आम्हीही बैठकीला होतो. आम्ही म्हणालो, "शेअर मोडू नका मावशी, कर्ज घ्या." आम्हाला वाटलं, आपण शहाणपणाचं सांगितलं. गटाला व्याज मिळेल, मावशींचं भांडवल जागेवर राहील. घरी येऊन वहीत आकडे मांडले तेव्हा कळलं, आमचं चुकलं होतं.

कसं चुकलं ते कळायला आधी डिव्हिडंड म्हणजे काय ते नीट पाहू. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा छोटा वाटा. कंपनीला नफा झाला की त्यातला काही भाग ती वाटेकऱ्यांना रोख देते. तो लाभांश, म्हणजे डिव्हिडंड. तो द्यायचा की नाही आणि किती द्यायचा, हे कंपनी ठरवते.

आता आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. समजा दहा जणींचा गट आहे. बचत आणि व्याज धरून गटाचे १,२०,००० रुपये झालेत. म्हणजे प्रत्येकीचा वाटा १२,०००. दिवाळीच्या आधी ठराव झाला की बारा हजार रुपये नफा वाटायचा. प्रत्येकीच्या हातात १,२०० रुपये पडले. सगळ्या खूश. पण गटाच्या पासबुकात आता किती राहिले? १,०८,०००. प्रत्येकीचा वाटा १०,८००. हातातले १,२०० आणि गटातले १०,८०० मिळून बारा हजारच. पैसा वाढला का? नाही. गटाच्या पेटीतून आपल्या कनवटीला आला.

आता दुसऱ्या गटात नफा वाटलाच नाही. तिथल्या एका ताईंना गरज होती, म्हणून त्यांनी आपल्या १२,००० मधून १,२०० काढून घेतले. त्यांच्याकडेही हातात १,२०० आणि गटात १०,८००. दोघींचा हिशोब सारखाच.

डिव्हिडंड ही पहिल्या गटाची पद्धत आणि थोडे शेअर विकणं ही दुसऱ्या गटाची. बाजारातही हेच दिसतं. समजा शेअरचा भाव ५०० आहे आणि कंपनीने १० रुपये डिव्हिडंड दिला. ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो डिव्हिडंड मिळणार नसतो, त्या दिवशी भाव साधारण तेवढाच, म्हणजे दहा रुपयांनी खाली येतो. बाजार दुसऱ्या कारणांनीही वरखाली होत असतो, त्यामुळे ते नेहमी डोळ्यांना दिसत नाही. पण कंपनीच्या तिजोरीतून दहा रुपये गेले, तर कंपनीची किंमत तेवढी उतरणारच.

आपण डिव्हिडंडला म्हशीचं दूध समजतो. दूध काढलं तरी म्हैस तेवढीच राहते, तसं. डिव्हिडंडचं तसं नाही. तो कणगीतल्या धान्यासारखा आहे. कणगीच्या खालच्या तोंडातून कुणी आपल्याला धान्य काढून दिलं काय, आणि आपण वरून मापाने काढलं काय, कणगी तेवढीच उतरते. कंपनी चांगली चालली तर कणगीत नवं धान्य पडत राहतं. ते दोन्ही पद्धतींत पडतं.

म्युच्युअल फंडाच्या बाबतीत तर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, नावच बदलायला लावलं. १ एप्रिल २०२१ पासून फंडाच्या डिव्हिडंड पर्यायाला आयडीसीडब्ल्यू म्हणतात. त्याचा अर्थ, उत्पन्नाचं वाटप आणि त्यासोबत भांडवल काढून घेणं. फंडाचा डिव्हिडंड म्हणजे वरकमाई असं लोक समजत होते, त्यात आपलंच भांडवल परत येत असू शकतं हे नावावरूनच कळावं, म्हणून हा बदल झाला.

आता अमळनेरच्या कंपनीकडे परत येऊ. विप्रोने २०१७-१८ ते २०२०-२१ या चार आर्थिक वर्षांत शेअरमागे वर्षाला १ रुपया डिव्हिडंड दिला. मग कंपनीने वाटेकऱ्यांना पैसे दिलेच नाहीत का? दिले. पण पुष्कळसे दुसऱ्या वाटेने दिले. तिने लोकांकडून शेअर परत विकत घेतले. त्याला बायबॅक म्हणतात. २०१७ साली ३२० रुपयांनी घेतले, २०१९ साली ३२५ ने, २०२०-२१ मध्ये ४०० ने आणि २०२३ साली ४४५ ने. ज्यांनी त्यात थोडे शेअर दिले, त्यांना मोठी रक्कम एकदम मिळाली. 'शेअर विकायचाच नाही' असं ज्यांनी धरून ठेवलं, त्यांचा कंपनीतला वाटा थोडा वाढला, पण वर्षाच्या खर्चाला हातात शेअरमागे एक रुपया आला. म्हणजे जी कंपनी दाखवून आपण 'विकू नका' म्हणतो, तिनेच थोडं विकायची वाट उघडी ठेवली होती.

आता मावशींचा हिशोब. शेअरचा भाव होता ४०० च्या आसपास. नऊशे शेअर म्हणजे ३,६०,००० रुपये. भिंतीला हवे होते वीस हजार, म्हणजे ५० शेअर.

गटाचं कर्ज घेतलं असतं तर व्याज शेकडा दोन रुपये महिना. दोन वर्षांत सारख्या मुद्दलाने फेडायचं म्हटलं, तर व्याजच ५,००० रुपये होतं. पहिला हप्ता व्याजासकट बाराशेच्या वर. आधीच ज्यांना महिन्याला हजार कमी पडतात, त्या हा हप्ता कुठून भरणार? आणि ५० शेअर विकले तर डिव्हिडंड किती कमी होणार? वर्षाला २०० रुपये. दोन वर्षांत ४००. चारशे रुपयांचा डिव्हिडंड वाचवायला आम्ही मावशींना पाच हजारांचं व्याज भरायला सांगत होतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते पन्नास शेअर ठेवले असते आणि दोन वर्षांत भाव ४०० चा ५०० झाला असता, तर कर्ज घेणं जवळजवळ बरोबरीत पडलं असतं. त्याहून वाढला असता तर फायद्यातही पडलं असतं. पण भाव ३०० झाला असता तर? व्याज गेलं असतं आणि भावही गेला असता. कर्ज काढून भाव वाढायची वाट बघणं हा जुगार आहे. त्रेसष्टाव्या वर्षी, पडक्या भिंतीच्या घरात बसून तो खेळायचा नसतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही मावशींकडे गेलो. वही पुढे ठेवली. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, हे म्हणजे सोनं मोडल्यासारखं वाटतं. त्यांनी शेवटच्या आजारपणातसुद्धा एक विकू दिला नाही." यावर आमच्याकडे हिशोबाचं उत्तर नव्हतं. आम्ही एवढंच विचारलं, "मावशी, काकांनी हे कुणासाठी ठेवले होते?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठीच." चहा झाला. त्यांनी पासबुक आणि पॅन कार्ड काढून दिलं.

आता दुसरी बाजू ऐका, नाहीतर हे अर्धंच बोलणं होईल. शेजारच्या गावात एक ताई आहेत. यजमान गेल्यावर त्यांनी सगळेच शेअर एकदम विकले. दोन लाखांच्या वर पैसे आले. मुलाला मोटारसायकल, दिराला उसने, एक लग्न. सव्वा वर्षात खात्यात काही उरलं नाही. आज त्या निंदणीला जातात. 'शेअर विकू नये' असं जुनी माणसं म्हणत, ते अशा गोष्टी पाहूनच म्हणत असतील. डिव्हिडंडला एक चांगला गुण आहे, तो बेताने येतो. विकायचं बटण आपल्या हातात आलं की ते पुन्हा पुन्हा दाबलं जातं. म्हणून विकायचं असेल तर माप ठरवून विकायचं आणि ते माप वहीत लिहून ठेवायचं.

दुसरी भीती बाजार पडण्याची. २०२० साली जानेवारीच्या मध्यात मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, म्हणजे सेन्सेक्स, ४१,९०० च्या वर होता. २३ मार्चला तो २६,००० च्या खाली बंद झाला. दोन महिनेच झाले होते. ४०० रुपये भाव असताना दहा हजार उभे करायला २५ शेअर लागतात. भाव २५० झाला तर ४० लागतात. पडत्या बाजारात विकावं लागलं तर कणगी लवकर उतरते.

पण डिव्हिडंडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की २०१९-२० च्या नफ्यातून डिव्हिडंड देऊ नका, संकटासाठी पैसा राखून ठेवा. बँकांच्या हिताचं ते बरोबरच होतं. पण ज्यांचं घर बँकेच्या शेअरच्या डिव्हिडंडवर चालत होतं, त्यांना त्या वर्षी तो मिळाला नाही. डिव्हिडंड म्हणजे ठेवीचं व्याज नाही. तो मिळालाच पाहिजे असा आपला हक्क नसतो.

मग करायचं काय? मावशींनी काय केलं ते सांगतो. तेच सगळ्यांनी करावं असं नाही, पण पद्धत कळेल.

आधी खर्च लिहिला. पेन्शन धरून वर्षाला साधारण १३,२०० रुपये कमी पडत होते. भिंतीनंतर ८५० शेअर राहिले, म्हणजे ३,४०,००० रुपये. त्यांचा डिव्हिडंड ३,४००. वर्षाला २५ शेअर विकले तर आणखी दहा हजार. गरज भागते. ८५० शेअर, वर्षाला २५, भाव आहे तेवढाच राहिला तर साधारण चौतीस वर्षं पुरतात. भाव वाढला तर कमी विकावे लागतील, पडला तर जास्त. महागाईने खर्चही वाढेल. म्हणून हे माप दरवर्षी दिवाळीनंतर पुन्हा बघायचं.

अमेरिकेत विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने १९९४ साली असाच हिशोब मांडला होता. निवृत्त माणसाने पहिल्या वर्षी शंभरातले चार काढावे आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवावे, म्हणजे पैसा तीस वर्षं पुरेल, असं त्याचं म्हणणं. पण तो हिशोब तिथल्या बाजाराचा होता, आणि त्यात शेअरसोबत सरकारी रोखेही धरले होते. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू करू नये. मावशींचं माप शंभरात चारच्या आतच बसलं, एवढाच त्याचा उपयोग.

मग दुसरा प्रश्न आला. सगळा पैसा एकाच कंपनीत. सगळ्या वावरात एकच पीक घेतलं आणि त्यावर बोंडअळी पडली तर? मावशींनी मुलाशी फोनवर बोलून आणखी २५० शेअर विकले आणि एक लाख रुपये पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ही योजना साठ वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे. मुदत पाच वर्षं, व्याज दर तीन महिन्यांनी. एप्रिल २०२३ मध्ये तिचा दर ८.२ टक्के झाला आणि मावशींना तोच मिळाला. दर सरकार बदलू शकतं, म्हणून जाण्याआधी पोस्टात विचारा. एक लाखावर वर्षाला ८,२०० रुपये, म्हणजे तिमाहीला २,०५०. उरलेल्या सहाशे शेअरचा डिव्हिडंड २,४००. झाले १०,६००. वर्षाला सात शेअर विकले की २,८०० येतात आणि गरज भागते. बाजार पडला त्या वर्षी ते सातही विकायचे नाहीत असं ठरलंय. थोडी ओढाताण होईल, पण उपाशी राहावं लागणार नाही.

पोस्टातल्या पैशालाही एक खोट आहे. महागाई वाढली तरी तो एक लाख एक लाखच राहतो. म्हणून सगळेच शेअर विकून पोस्टात टाकले नाहीत.

कराचंही सांगतो. १ एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरला जातो. शेअर बाजारात नोंदलेला शेअर वर्षाहून जास्त काळ ठेवून विकला, तर सगळ्या विक्रीचा मिळून एका आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्यावर साडेबारा टक्के लागतात. हा नियम जुलै २०२४ पासूनचा आहे. मावशींनी ३०० शेअर विकले, १,२०,००० आले. सगळा नफाच धरला तरी सव्वा लाखाच्या आत. फक्त दलाली आणि किरकोळ खर्च गेला. असा खर्च दर विक्रीला लागतो, म्हणून महिन्याला एक-दोन शेअर विकण्यापेक्षा वर्षातून एकदा विकावे.

ज्यांच्या घरात ट्रंकेत कागदी शेअर असतील, त्यांनी ते डीमॅट करून घ्या. एप्रिल २०१९ पासून वारसा हक्काची नोंद सोडली तर कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत. यजमान गेल्यावर वारसनोंद करून घ्या. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर तो आणि ते शेअरही सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात. डीमॅट खात्याला नॉमिनी लावा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, ओटीपी कुणालाही सांगू नका, पुतण्या असला तरी. आणि विकलेल्या शेअरचे पैसे आपल्याच बँक खात्यात आले पाहिजेत.

आणखी एक. हे ऐकून कुणी नवे शेअर घ्यायला धावू नये, आणि गटाचं कर्ज काढून तर मुळीच नाही. ज्यांच्या घरात आधीच आहेत आणि तरी ज्या औषधावाचून दिवस काढतात, त्यांच्यासाठी हे बोलणं आहे.

पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बहिणींना विचारा, घरात शेअरचे, फंडाचे, ठेवीचे कागद आहेत का. वर्षाला काय लागतं, काय येतं, ते त्यांच्याबरोबर बसून लिहा. आणि कुणी गरजेपोटी कर्ज मागितलं, तर हप्ता कशातून भरणार हे सचिवताईंसारखं विचारा. आम्ही ते विचारायच्या आधीच सल्ला देऊन मोकळ्या झालो होतो.

मावशींची भिंत श्रावणाच्या आधी उभी राहिली. आता दूध रोज येतं आणि गुडघ्याची गोळीही रोज घेतली जाते. परवा त्या म्हणाल्या, "सहाशे आहेत अजून, त्यांना सांगा." कुणाला सांगायचं ते आम्ही विचारलं नाही.

तुमचे प्रश्न गटाच्या बैठकीत लिहून ठेवा, त्यावर पुन्हा बोलू.